तेजाबाची जखम व तिची पुढील शुश्रूषा



सांगली जिल्ह्यांतील विटें, खानापूर, आटपाडी या बाजूचीं कितीतरी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या गलाईचा धंदा करीत आलीं आहेत. सोनेंचांदी शुद्ध करून देणारीं हीं माणसें आज हिंदुस्थानच्या कोणत्याहि मोठ्या सराफकट्ट्यावर आढळतात. जुन्या दागिन्याचें सोनें चांदीबरोबर वितळवावयाचें आणि शोऱ्याच्या तेजाबांत टाकावयाचें. चांदी विरघळून जाते व सोनें तळाशीं राहतें, असें हें काम. या धंद्यांतील माणसाच्या बोटांवर पुष्कळदां पिवळे डाग दिसतात. तेजाबाचा थेंब पडला कीं कातडी पिवळी होते. तो डाग साबणानें जात नाहीं. ती कातडी झडून नवी आली म्हणजेच जातो. म्हणून गलाईचा कारागीर तेजाबाचा मान राखतो. बाटली कोठें ठेवावी आणि पाण्याची बादली किती जवळ असावी, हें त्याला शिकवावें लागत नाहीं.

एका थेंबाची ही गोष्ट झाली. तेंच तेजाब, ज्याला आपण सर्रास ॲसिड म्हणतों, कोणी द्वेषानें पेलाभर घेऊन माणसाच्या तोंडावर फेकलें तर काय होत असेल याची कल्पना यावरून करावी. २०१३ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेस मुंबईस वांद्रे टर्मिनसवर असाच प्रकार घडला. आरमाराच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून रुजू होण्यासाठीं दिल्लीहून आलेली एक तरुणी गाडींतून उतरली, आणि फलाटावरच तिच्यावर तेजाब फेकण्यांत आलें. तें चेहऱ्यावर पडलें, तसेंच घशांत व श्वासमार्गांतहि उतरलें. महिनाभर झुंज देऊन १ जूनला तिनें प्राण सोडला. गुन्हेगारास २०१६ सालीं विशेष न्यायालयानें फांशीची शिक्षा दिली. २०१९ सालीं उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेंत बदलली. वृत्तपत्रांनीं हें सारें सविस्तर छापलें.

परंतु अशा हल्ल्यांतून जीं माणसें वांचतात, त्यांचें पुढें काय होतें, हें वृत्तपत्रांत फारसें येत नाहीं. हल्ल्याची बातमी दोन दिवस चालते, खटल्याची चार वर्षें चालते. उपचार मात्र जन्मभर चालतात. आजच्या भाषणांत मला त्या पुढच्या उपचारांविषयींच बोलावयाचें आहे. कारण इस्पितळांतून घरीं पाठविलें म्हणजे रोगी बरा झाला, ही आपल्याकडची समजूत या जखमेच्या बाबतींत अत्यंत घातक ठरते. चांगल्या शस्त्रवैद्यानें मोठ्या कष्टानें केलेलें काम पुढच्या सहा महिन्यांच्या हयगयीनें वायां जाऊं शकतें.

पुढच्या उपचारांचा पाया पहिल्या अर्ध्या तासांत घातला जातो, म्हणून त्याविषयीं प्रथम थोडें सांगतों. तेजाब हें आगीसारखें भाजून थांबत नाहीं; तें अंगावर आहे तोंपर्यंत त्याचें काम चालूच असतें. यासाठीं त्यावर एकच उपाय, तो म्हणजे साधें स्वच्छ पाणी, भरपूर आणि ताबडतोब. भिजलेले कपडे डोक्यावरून ओढून काढूं नयेत, कापून काढावे. नळाखालीं किंवा बादलीनें निदान अर्धा तास सतत पाणी ओतावें. डोळ्यांत गेलें असल्यास पापण्या बोटांनीं उघड्या धरून डोळा धुवावा. पाणी एका डोळ्यांतून दुसऱ्यांत जाऊं देऊं नये. तेजाबावर सोडा किंवा चुना टाकूं नये. त्या संयोगानें उष्णता उत्पन्न होते आणि जखम वाढते. हळद, तूप, दांत घासण्याची पेस्ट यांपैकीं कांहींहि लावूं नये. पोटांत गेलें असल्यास ओकारी काढूं नये, कारण वर येतांना तेंच तेजाब अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतें. इतकें करून मगच वाहन शोधावें. पाण्याविना गेलेल्या दहा मिनिटांची भरपाई पुढें दहा शस्त्रक्रियांनींहि होत नाहीं.

इस्पितळांतील पहिले आठवडे मेलेली कातडी काढणें, जंतूंचा शिरकाव होऊं न देणें आणि उघड्या जागेवर नवी कातडी बसविणें यांत जातात. ही कातडी बहुधा रोग्याच्याच मांडीवरून पातळ पापुद्र्यासारखी काढून घेतात. या शास्त्राचा इतिहास आपल्या प्रांताशीं जवळून निगडित आहे. १७९२ सालच्या लढाईंत इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नांवाचा एक बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. सुमारें वर्षानें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. इंग्रज वैद्यांनीं पाहिलेली ही शस्त्रक्रिया १७९४ सालच्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत छापून आली, आणि तीवरून युरोपांतील शस्त्रवैद्य हें काम नव्यानें शिकले.

त्या हकीकतींतील एका लहानशा गोष्टीकडे मी आपलें लक्ष वेधतों. कपाळाची कातडी बसविल्यावर रोग्याला पांच सहा दिवस उताणें निजवून ठेवीत. दहाव्या दिवशीं नव्या नाकपुड्यांत मऊ फडक्याच्या घड्या घालीत, म्हणजे नाकपुड्या मिटून जाऊं नयेत. आणि कपाळाशीं जोडणारी पट्टी सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापीत. पुण्याच्या त्या कारागिराला हें पक्कें ठाऊक होतें कीं नाक बसविणें हें निम्मेंच काम आहे. बसविलेलें नाक उघडें ठेवणें हें उरलेलें निम्में. सव्वादोनशें वर्षांनंतर आज साधनें बदललीं, पण हें सूत्र बदललेलें नाहीं.

याचें कारण व्रणाच्या स्वभावांत आहे. जखम भरली म्हणजे ती शांत झाली असें आपल्याला वाटतें. वस्तुतः खोल जखम वरून भरल्यावर तिच्या आंत नवे तंतू जोमानें वाढूं लागतात. व्रण लाल, जाड, कठीण होतो, त्याला भयंकर खाज सुटते, आणि मुख्य म्हणजे तो आकसूं लागतो. पहिल्या कांहीं महिन्यांत हा जोर सर्वांत अधिक असतो. व्रण मऊ व फिकट होऊन निवण्यास वर्ष, दीड वर्ष, कधीं दोन वर्षेंहि लागतात. या काळांत कोणी लक्ष दिलें नाहीं तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, खालचा ओठ लोंबूं लागतो, तोंड पुरें उघडत नाहीं, बोटें एकमेकांस चिकटतात आणि कोपर सरळ होत नाहीं. महिन्यापूर्वीं चालत घरीं गेलेला रोगी चौथ्या महिन्यांत मान वर करूं शकत नाहीं. मग घरचीं माणसें शस्त्रवैद्याला दोष देतात. दोष पुष्कळदां त्या मधल्या तीन महिन्यांचा असतो.

या आकसण्यावर चार उपाय आहेत, आणि चारहि घरींच करावयाचे आहेत. पहिला दाबाच्या कपड्यांचा. मापानें शिवलेला घट्ट लवचीक मुखवटा किंवा बाही दिवसांतून तेवीस तास घालावी लागते. स्नानापुरती व मालिशपुरती काय ती सुटी. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळ्यांत ही शिक्षाच वाटते, म्हणून रोगी ती काढून ठेवतो आणि घरचीं माणसें दयेनें गप्प बसतात. दोन जोड असावे, एक धुवावा व एक घालावा. सैल झाल्यास माप देऊन नवा करून घ्यावा. दुसरा उपाय सिलिकोनच्या पट्टीचा. ती भरलेल्या व्रणावर रोज कांहीं तास बसवितात. तिसरा मालिशचा, वैद्यानें सांगितलेलें साधें तेल किंवा मलम घेऊन बोटाच्या टोकानें व्रण दाबून चोळावा. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, व्यायामाचा. मान भाजली असल्यास उशी घेऊं नये. खांद्याखालीं गुंडाळी ठेवून मान मागें झुकेल असें निजावें. तोंड भाजलें असल्यास दिवसांतून अनेक वेळां शक्य तितका मोठा 'आ' करावा. हाताचें प्रत्येक बोट निराळें मिटवून उघडावें. हे व्यायाम दुखतात. दुखतें म्हणून थांबणें आणि आखडूं देणें या दोहोंत एकाचीच निवड करावयाची असते, हें घरच्या माणसांनीं समजून घ्यावें व रोग्याजवळ बसून ते करवून घ्यावे. याखेरीज व्रणाला ऊन लागूं देऊं नये. कोवळ्या व्रणावर उन्हानें काळे डाग पडतात.

नव्या नाकाची, ओठाची, कानाची सुधारणा करण्याच्या शस्त्रक्रिया सामान्यतः व्रण निवल्यानंतर कराव्या लागतात. म्हणून 'वर्षभर थांबा' असें वैद्य सांगतात, तेव्हां ती टाळाटाळ नसते. मात्र या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो डोळ्याचा.

चेहऱ्यावरील व्रण आकसतांना पापणीला बाहेर ओढतो. मग डोळा पुरा मिटत नाहीं. दिवसां हें एखादे वेळीं ध्यानांतहि येत नाहीं. रात्रीं निजलेल्या माणसाकडे पाहिलें म्हणजे पापण्यांतील फट दिसते. त्या फटींतून बुबुळावरचा पारदर्शक पडदा रात्रभर कोरडा पडत राहतो, त्याला भेग पडते, भेगेंत जंतू शिरतात, आणि तेजाबानें न घेतलेली दृष्टि ही फट घेऊन जाते. यासाठीं घरांतील कोणीतरी रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत हें पाहावें. वैद्यानें दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वेळच्या वेळीं घालावे, रात्रीं मलम घालून पापणी मिटवून ठेवावी. फट वाढत असेल तर पापणी सोडविण्याची शस्त्रक्रिया ताबडतोब करावी लागते. तेथें वर्षभर थांबणें नाहीं. डोळा लाल होणें, खुपणें, उजेड सहन न होणें, अंधुक दिसणें यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा.

तेजाब डोळ्यांतच गेलें असेल तर आणखी दोन गोष्टी पुढें उद्भवतात. डोळ्याच्या आंतला दाब वाढतो. तो दुखत नाहीं, म्हणून रोग्याला कळत नाहीं, पण आंतली नस हळूहळू मरते. म्हणून दाब मोजून घेत राहावा लागतो. दुसरें, बुबुळाच्या कडेला त्याचा पडदा सतत नवा करणाऱ्या पेशी असतात. त्या जळाल्या कीं पडदा पांढरा होतो, आणि नुसता दुसऱ्याचा पडदा बसवून तो टिकत नाहीं. एक डोळा शाबूत असेल तर त्याच्या कडेचा इवलासा तुकडा काढून, त्याचे बारीक कण जळालेल्या डोळ्यावर पेरण्याची एक सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील वैद्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केली. पांच सहा वर्षांपूर्वीं कोणी 'आतां कांहीं होणार नाहीं' असें सांगितलें असलें तरी पुन्हां एकदां तपासून घेण्यास हरकत नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

आंतल्या जखमा तर दिसतच नाहींत. तेजाब गिळलें गेलें असेल तर पहिल्या आठवड्यानंतर माणूस जेवूं लागतो, घरच्यांना हायसें वाटतें. आणि कांहीं आठवड्यांनीं जेवणानंतर उलट्या सुरू होतात, वजन उतरूं लागतें. जठराचें खालचें तोंड किंवा अन्ननलिका व्रणानें आकसून अरुंद झाली, असा त्याचा अर्थ. म्हणून अशा रोग्याचें दर आठवड्यास वजन करून टिपून ठेवावें. तराजू पोटापेक्षां आधीं बोलतो. वाफ किंवा तेजाब श्वासमार्गांत गेलें असेल तर आवाज घोगरा राहणें, श्वास घेतांना शीळ वाजणें, जिना चढतांना धाप लागणें, हीं लक्षणें वैद्याला सांगावीं.

आणखी एक गोष्ट फार उशिरां येणारी आहे. जुन्या व्रणावर एखादी जखम पुन्हां पुन्हां फुटत असेल, आठवडे लोटले तरी भरत नसेल, कडा उचललेल्या दिसत असतील, तर तिचा तुकडा काढून तपासून घ्यावा. अशा जखमेंत कित्येक वर्षांनीं, कधीं दोनतीन तपांनीं, कर्करोग उद्भवल्याचीं उदाहरणें वैद्यकांत प्रसिद्ध आहेत. वेळेवर काढला तर तो बरा होण्यासारखा असतो. लहान मुलाच्या बाबतींत तर मूल वाढतें आणि व्रण वाढत नाहीं. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत त्याला वर्षाला एकदां तरी दाखवावेंच लागतें.

इतक्या दीर्घ काळानें दुखणें उलटतें, हें ऐकून कोणाला अतिशयोक्ति वाटेल. म्हणून मोठ्या प्रमाणावर घडलेलीं दोन उदाहरणें देतों. १९८७ सालच्या जूनच्या २८ तारखेस इराकी विमानांनीं इराणमधील सरदश्त या गांवावर मस्टर्ड वायूचे बाँब टाकले. तेथील सामान्य नागरिकांची वीस वर्षांनंतर पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हांहि छातीचे, डोळ्यांचे व कातडीचे विकार चालूच असल्याचें आढळलें. या वायूनें पोळलेले कांहीं डोळे तर पंधरा वीस वर्षें ठीक राहून मग बिघडतात. दुसरें उदाहरण आपल्या देशांतील, आणि तें हल्ल्याचें नव्हे, अपघाताचें. १९८४ सालच्या डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधील रात्रीं भोपाळास कारखान्यांतून विषारी वायु सुटला. वांचलेल्यांची पाहणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें १९८५ ते १९९४ पर्यंत केली. रासायनिक इजेचा हिशेब त्या रात्रीं मिटत नाहीं, हें जें आपल्याला आज ठाऊक आहे, तें कोणीतरी वर्षानुवर्षें नांवें लिहून ठेविलीं आणि त्या माणसांना पुन्हां पुन्हां बोलावून तपासलें, म्हणून. सरदश्तला व भोपाळला एका दिवशीं हजारों माणसें इजा पावलीं, म्हणून त्यांच्या नोंदवह्या झाल्या. तेजाबाचा हल्ला एकेकट्या माणसावर होतो, आज या गांवीं तर उद्यां दुसऱ्या. एकट्याची नोंदवही कोण ठेवणार? ती घरालाच ठेवावी लागते.

आतां खर्चाचा प्रश्न. या बाबतींत कायदा रोग्याच्या बाजूचा आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २०१३ रोजीं दिलेल्या आदेशानें तेजाबाच्या उघड्या विक्रीवर निर्बंध आले. खरेदी करणाराचें नांव, पत्ता व कारण वहींत लिहिल्यावांचून आणि ओळखपत्र पाहिल्यावांचून दुकानदारानें तें विकतां कामा नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तर विकूंच नये. त्याच आदेशानें निदान तीन लाख रुपयांची भरपाई ठरली, त्यांपैकीं एक लाख पंधरा दिवसांच्या आंत. पुढें २०१८ सालच्या राष्ट्रीय योजनेंत चेहरा विद्रूप झाल्यास किमान सात लाखांची तरतूद झाली. महाराष्ट्रांत २०१३ सालापासून मनोधैर्य योजना आहे. या कामीं आपल्याकडे सांगलीच्या जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्यास वकिलाची फी पडत नाहीं.

उपचारांविषयींचा कायदा आणखी स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ३९७ वें कलम सांगतें कीं, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक इस्पितळानें अशा रोग्याला तत्काळ व विनामूल्य उपचार दिले पाहिजेत. नाकारणाऱ्यास शिक्षा आहे. १० एप्रिल २०१५ च्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयानें औषधें, अन्न, अंथरूण आणि चेहरा पुन्हां घडविण्याच्या शस्त्रक्रिया हें सर्व या उपचारांत मोडतें असें स्पष्ट केलें. रोग्याला जें इस्पितळ प्रथम तपासील, त्यानें 'ही व्यक्ति तेजाबाच्या हल्ल्यांत इजा पावली आहे' असा दाखला द्यावा, असेंहि सांगितलें. पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळीं हाच दाखला दाखवावयाचा असतो, म्हणून घरीं जाण्यापूर्वीं तो मागून घ्यावा. २०१६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यांतहि या रोग्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तें प्रमाणपत्रहि काढून ठेवावें.

कायद्यालाहि एखादी गोष्ट उशिरांच दिसते. बँकेंत खातें उघडतांना आज यंत्रासमोर डोळ्यांची उघडझांप करून दाखवावी लागते. ज्याची पापणीच जळाली आहे, त्यानें ती कशी मिटावी? हा प्रश्न घेऊन हल्ल्यांतून वांचलेलीं माणसें न्यायालयांत गेलीं, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, अशा व्यक्तींकरितां दुसरी सोय करावी, असा निर्णय दिला. वैद्याच्या दृष्टीनें पापणीचा व्रण हा डोळ्याचा प्रश्न. त्या माणसाच्या दृष्टीनें तो स्वतःचेच पैसे काढण्याचा प्रश्न होतो. पुढील शुश्रूषा म्हणजे केवळ मलमपट्टी नव्हे, तें यासाठीं.

मनाच्या जखमेविषयीं न बोलतां हें भाषण संपवितां येणार नाहीं. रात्रीं दचकून उठणें, पाण्याचा शिंतोडा उडाला तरी किंचाळणें, घराबाहेर पडण्याची भीति, जेवणावरची वासना उडणें, हे मनाचे दुबळेपण नव्हे. हे इजेचेच परिणाम आहेत, आणि त्यांवरहि उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणें हें डोळ्याच्या वैद्याकडे जाण्याइतकेंच साहजिक मानावें. खटल्याची तारीख आली कीं हीं लक्षणें पुन्हां उचल खातात. तेव्हां सोबत कोणीतरी असावें. घरांतल्या आरशांविषयीं, बाहेर जातांना तोंड झांकावें कीं नाहीं याविषयीं, नोकरीवर केव्हां परतावें याविषयीं जो तो सल्ला देतो. हे निर्णय जिचे तिला करूं द्यावे. शेजारच्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे कीं समाचाराला जातांना 'असें कसें झालें, त्यानें कां केलें' हे प्रश्न घरींच ठेवून जावें. आणि समाचाराला पहिल्या आठवड्यांत जाणारे पुष्कळ असतात; सहाव्या महिन्यांत जाणारा एखादाच. व्रण सर्वांत कठीण, खाज सर्वांत अधिक आणि धीर सर्वांत कमी, असा तोच काळ असतो.

शेवटीं दोन व्यवहाराच्या सूचना करतों. एक घरासाठीं. एक जाड वही करावी. तींत हल्ल्याचा दिवस, तेजाबाचें नांव कळल्यास तें, प्रत्येक शस्त्रक्रियेची तारीख, शस्त्रवैद्याचें नांव, रोजचा व्यायाम, दर आठवड्याचें वजन, दर महिन्याला एकाच जागीं एकाच उजेडांत घेतलेलें छायाचित्र, आणि पुढच्या भेटीची तारीख असावी. दाखल्यांच्या दोन प्रती कराव्या व एक नातलगांकडे ठेवावी. २०१९ सालच्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुरानें सांगलींतील कितीतरी घरांचे कागद भिजवून नेले, तें आपण विसरलों नसूं. नव्या वैद्याकडे जातांना ही वही पुढें ठेवली कीं सारी हकीकत पहिल्यापासून सांगण्याच्या यातनेंतूनहि रोगी सुटतो.

दुसरी सूचना आपल्या जिल्ह्यासाठीं. १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं मिरजेस इस्पितळ उघडलें, तेव्हांपासून दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरीत आले. १९६२ सालीं तेथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें. म्हणजे शस्त्रक्रियेची परंपरा आपल्याकडे आहे. उणीव राहते ती आटपाडी-जतेच्या एखाद्या वाडीवरून महिन्याला एकदां मिरजेस येण्याच्या एस. टी. भाड्याची, सोबतीच्या माणसाच्या बुडालेल्या रोजगाराची, आणि न आलेल्या रोग्याची चौकशी करणाऱ्या कोणाची तरी. जिल्ह्याच्या इस्पितळानें अशा रोग्यांची एक नोंदवही ठेवावी. पहिला, तिसरा, सहावा व बारावा महिना आणि त्यानंतर दर वर्ष अशा तारखा तींत आधींच घालाव्या. जो तारखेला आला नाहीं, त्याच्याकडे गांवच्या आशाताईंनीं जाऊन यावें. यांत मोठा खर्च नाहीं. असें रोगीहि सुदैवानें थोडेच असतील. थोडे आहेत म्हणून हें अवघड नाहीं. आणि थोडे आहेत म्हणूनच त्यांना विसरणें फार सोपें आहे.

गलाईचा कारागीर भट्टी विझली म्हणून लगेच उठून जात नाहीं. भांड्याच्या तळाशीं राहिलेलें सोनें तो पाण्यानें पुन्हां पुन्हां धुतो, कारण त्यांत तेजाबाचा अंश राहिला तर सारें काम फुकट. तेवढी चिकाटी आपण माणसाच्या बाबतींत दाखविली तरी पुष्कळ झालें.